येसूवहिनींचा अर्ज आणि सावरकरांची भेट

फेब्रुवारीच्या २६ आणि २७ या दोन तारखा आमच्याकडे लागोपाठ पाळल्या जातात. पहिल्या दिवशी स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रतिमेला हार घालायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर कुसुमाग्रजांची प्रतिमा ठेवून मराठी भाषा गौरव दिन साजरा करायचा, हा शाळेतला शिरस्ता. सावरकरांवर बोलणारा मुलगा मार्सेलिसची उडी सांगतो, अंदमानचा कोलू सांगतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. आम्हीही लहानपणी असेच भाषण पाठ करून म्हटले आहे. परंतु वय वाढले, समितीच्या कामात तुरुंगाच्या दारात उभे राहण्याचे प्रसंग आले आणि त्यांच्या चरित्रातला एक वेगळाच भाग मनात घर करून राहिला. आत असलेल्या माणसाला बाहेरच्या माणसाने भेटायचे कसे, अर्ज कोणी करायचा, परवानगी कधी यायची आणि भेट झालीच तर बोलायचे कोणत्या भाषेत, हा तो भाग. भाषणात तो येत नाही, कारण त्यात उडी नाही. त्यात वाट पाहणे आहे, आणि वाट पाहणारी माणसे बहुतेक बायका आहेत.

सावरकरांचा जन्म २८ मे १८८३ चा, नाशिकजवळच्या भगूरचा. आई पटकीने गेली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पुढे १८९९ साली वडीलही प्लेगने गेले. मागे राहिले तीन भाऊ आणि एक बहीण. थोरले गणेशपंत म्हणजे बाबाराव, मधले विनायकराव म्हणजे तात्या, धाकटे नारायणराव आणि बहीण माई. (पुढे विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई यांनाही लोक माईच म्हणू लागले. या लेखात माई म्हणजे यमुनाबाई.) या पोरक्या घराला सांभाळले ते बाबारावांच्या पत्नी येसूवहिनींनी. वयाने दिरांच्याच बरोबरीची ही मुलगी, पण घरातले आईचे पान तिने चालवले. तात्यांनी आयुष्यात ज्यांच्यासाठी मनापासून कविता लिहिल्या, त्यांत या वहिनींचा मान पहिला आहे.

१९०१ साली तात्यांचे लग्न झाले. १९०६ च्या जूनमध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला गेले. घरी माई आणि तान्हा मुलगा प्रभाकर. तो मुलगा वडील लंडनमध्ये असतानाच देवीच्या रोगाने गेला. बापलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

आता भाषेच्या विशेषांकात सांगण्याजोगी गोष्ट येते. १९०९ च्या जूनमध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आरोप कशाचा, तर कविता छापल्याचा. लघु अभिनव भारत मालेतील मराठी कविता राजद्रोही आहेत, असे सरकारचे म्हणणे होते. बाँब नाही, पिस्तूल नाही, मराठीत छापलेले काही कागद. त्या कागदांपायी एक संसारी गृहस्थ आयुष्यभरासाठी समुद्रापलीकडे गेला. मराठीत काय ताकद आहे असे आम्हाला वर्गात कोणी विचारले, तर आम्ही हाच दाखला देतो. मुले हसत नाहीत.

ही बातमी लंडनला पोचल्यावर तात्यांनी वहिनींना ‘सांत्वन’ ही कविता लिहून पाठवली. पुढे १३ मार्च १९१० रोजी ते स्वतः लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर पकडले गेले आणि ब्रिक्स्टनच्या तुरुंगात असताना ‘माझे मृत्युपत्र’ ही कविता त्यांनी लिहिली, तीही वहिनींनाच उद्देशून. ब्रिक्स्टनमध्ये मित्र भेटून जात होते. इंग्रजांच्या स्वतःच्या देशातल्या तुरुंगात कैद्याला भेटणे त्या मानाने सोपे होते. तेच इंग्रज हिंदुस्थानात आले की दाराला दुसरे कुलूप लावत.

जुलै १९१० मधली मार्सेलिसची उडी वाचकांना माहीत आहे, ती येथे सांगत नाही. डिसेंबर १९१० आणि जानेवारी १९११ मध्ये दोन खटल्यांत दोन जन्मठेपा झाल्या. पंचवीस अधिक पंचवीस अशी पन्नास वर्षे. गळ्यातल्या बिल्ल्यावर सुटकेचे साल १९६० असे होते. हेगच्या न्यायालयानेही फेब्रुवारी १९११ मध्ये इंग्रजांच्याच बाजूने निकाल दिला आणि शेवटची आशा संपली.

त्या दिवसांत ते मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात होते. तेथे माई आपल्या भावाबरोबर भेटीला आल्या. पाच वर्षांपूर्वी उत्साहाने बोटीवर चढलेला नवरा त्यांनी पाहिला होता. आता गजाआड कैद्याच्या कपड्यात, पायांत बेड्या असलेला माणूस उभा होता. दोघांमध्ये गज, बाजूला शिपाई आणि अधिकारी. मधल्या काळात मूल गेलेले, त्याच्याविषयी एक अक्षर तरी बोलायला हवे. पण वेळ किती आणि ऐकणारे किती. ‘माझी जन्मठेप’ या पुस्तकात सावरकरांनी ही भेट वर्णिली आहे. त्यांनी रडण्याला वाव दिला नाही. पन्नास वर्षे हा शब्द जिच्या कानावर नुकताच पडला होता, त्या बाईला त्यांनी संसार या शब्दाचा मोठा अर्थ समजावून सांगितला. आम्ही हे पान अनेकदा वाचले आहे आणि खरे सांगायचे तर प्रत्येक वेळी आमचे लक्ष बोलणाऱ्याकडे न राहता ऐकणारीकडे जाते. ती काय बोलली हे पुस्तकात फारसे नाही. ती परत गेली, आणि पुढची भेट आठ वर्षांनी झाली.

आठ वर्षे मोजताना एक ध्यानात ठेवावे. डोंगरीहून भायखळा, तेथून ठाणे असे त्यांना हलवण्यात आले. ठाण्याच्या तुरुंगात असताना कळले की धाकटा भाऊ नारायणराव त्याच तुरुंगात शिक्षा भोगतो आहे. एका आईचे दोन मुलगे एका तुरुंगात, आणि चोरून चिठ्ठी पोचवण्यापलीकडे बोलणे नाही. मग मद्रासहून ‘महाराजा’ बोटीने ४ जुलै १९११ रोजी ते अंदमानात पोचले. सात लांब इमारती, मधोमध मनोरा, जवळजवळ सातशे कोठड्या आणि दर कोठडीत एक माणूस. त्या सेल्युलर जेलमध्ये बाबाराव आधीच येऊन पडलेले होते. तेथेही तेच. एकाच कुंपणात दोन सख्खे भाऊ, पण बंदोबस्त असा की एकमेकांची दृष्टादृष्ट होऊ नये. पहिली भेट झाली ती अशीच ओझरती, कामावरून परतताना.

घरी पत्र पाठवायचे ते वर्षातून एक. येणारेही तसेच. अंदमानातून नारायणरावांना लिहिलेली ही पत्रे पुढे पुस्तकरूपाने निघाली, ती इंग्रजीत आहेत. ज्या घरात इंग्रजी फक्त नारायणरावांना येत होते, त्या घराला वर्षाचे एकुलते एक पत्र इंग्रजीत. नवऱ्याच्या हातचा कागद माईंच्या हातात पडला तरी तो दिराने वाचून, मराठीत फिरवून सांगायचा. पत्र आधी अधिकारी वाचणार, मग टपालात पडणार, तेव्हा ज्याला वाचायचे आहे त्याच्या सोयीची भाषा हवी. ज्याच्यासाठी लिहिले त्याची सोय नंतर. भाषेचा प्रश्न म्हणजे साहित्य संमेलनातला ठराव, असे ज्यांना वाटते त्यांनी वर्षातून एकदा येणारे हे पत्र डोळ्यांपुढे आणावे.

मराठी मात्र ते आतल्या आत जपत होते. कागद-पेन्सिल नव्हती. काट्याने, खिळ्याने कोठडीच्या भिंतीवर ओळी कोरायच्या, पाठ करायच्या, भिंत पुन्हा चुन्याने रंगवली की नव्या ओळी. ‘कमला’, ‘गोमांतक’ ही काव्ये अशी झाली. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यावरचे काव्य हिंदुस्थानातल्या नव्हे तर अंदमानातल्या भिंतीवर रचले गेले, ही गोष्ट आमच्या गोमंतकीय वाचकांना सांगायला हवी. शिवाय निरक्षर बंद्यांना अक्षरे शिकवण्याचे कामही त्यांनी तेथे केले. शिक्षक म्हणून आम्हाला त्यांचे हे रूप अधिक जवळचे वाटते.

त्यांनी सरकारकडे सुटकेसाठी आणि सवलतींसाठी अर्ज केले, १९११ पासून १९२० पर्यंत अनेकदा केले, हे खरे आहे. त्यावर हल्ली पुष्कळ वाद होतो. अर्ज लपवावेत असे आम्हाला वाटत नाही. ते छापून झालेले आहेत आणि कोणीही वाचावेत. त्यातली भाषा नरम आहे. ज्यांना ते डावपेच वाटतात ते तसे म्हणतात, ज्यांना माघार वाटते ते तसे म्हणतात. आमचे मत एवढेच की तुरुंगाला लिहिलेला कागद वाचताना कोठडीची लांबीरुंदी आणि वर्षांचा आकडा बाजूला ठेवून वाचू नये. आणि दुसरे असे की त्या काळात अर्ज करणारे ते एकटे नव्हते. बाहेर त्यांच्या घरचेही अर्जच करत होते.

नाशिकला येसूवहिनींची स्थिती काय होती? मालमत्ता जप्त झालेली. घरातली भांडीकुंडीही गेली. राजद्रोह्याच्या बायकोला जवळ करायला नातेवाईक कचरत. अशा अवस्थेत त्यांची एकच मागणी होती, नवऱ्याला एकदा पाहायचे. सुटका मागितली नाही, सवलत मागितली नाही. भेट मागितली. अंदमानला जायचे तर सरकारची परवानगी हवी, बोटीचे भाडे हवे, बरोबर पुरुष माणूस हवा. पुरुष माणूस एकच उरला होता, नारायणराव. त्यांनी स्वतःची शिक्षा भोगून झाल्यावर कलकत्त्याला वैद्यकीचे शिक्षण घेतले, पुढे मुंबईत व्यवसाय मांडला आणि दोन भावांसाठी सरकारशी लिहालिही चालू ठेवली. दारोदार फिरून, उत्तरांची वाट पाहून, पुन्हा लिहून. १९२० च्या जानेवारीत त्यांनी गांधीजींनाही पत्र लिहून सल्ला मागितला होता आणि गांधीजींनी उत्तर देऊन पुढे ‘यंग इंडिया’त दोघा सावरकर बंधूंच्या सुटकेचा विषय मांडला. मतभेद असलेली माणसे अशा वेळी एकमेकांना पत्र लिहीत, हेही या चरित्रात आहे.

अंदमानला जाण्याची परवानगी अखेर १९१९ साली आली. पण त्याच वर्षाच्या आरंभी येसूवहिनी वारल्या होत्या. दहा वर्षे ज्या कागदाची वाट पाहिली, तो कागद त्यांच्या मृत्यूनंतर अल्पावधीतच घरी आला.

मे १९१९ अखेर नारायणराव माईंना घेऊन अंदमानला पोचले. बंगालचा उपसागर ओलांडून, ज्या समुद्रातून कैदी नेत त्याच समुद्रातून. आठ वर्षांनी नवराबायकोची भेट झाली, तीन भाऊ एकत्र उभे राहिले. वेळ मोजकी, समोर पहारा. तात्यांच्या समोर माई होत्या. बाबारावांच्या समोर कोणी नव्हते.

आम्ही यावर अधिक लिहीत नाही.

पण आमच्या डोळ्यांपुढे या जागी नेहमी दुसरेच एक दार येते, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलन झाले तेव्हा आम्ही शाळकरी होतो. आमच्या गल्लीतल्या एका आजींचा मुलगा धरला गेला. आजींना अक्षर वाचता येत नव्हते, म्हणून भाकरीचे फडके धरायला आणि कागद वाचायला त्यांच्याबरोबर आम्हाला धाडण्यात आले. कोणत्या कारागृहात ते सांगत नाही; माणसे बदलली, गोष्ट जुनी झाली. पहिल्या दिवशी परत पाठवले, कारण गल्लीत त्याला ज्या नावाने सगळे ओळखत ते नाव पोलिसांच्या कागदावर नव्हते. दुसऱ्या दिवशी खरे नाव लिहून नेले, पण अर्जाचा कागद कन्नड आणि इंग्रजीत, आम्हाला तो भरता येईपर्यंत वेळ संपली. तिसऱ्या दिवशी भेट मिळाली. जाळीच्या अलीकडे आजी, पलीकडे मुलगा, मध्ये शिपाई. शिपायाने बजावले की मला कळेल अशा भाषेत बोला. आजींना बाजारापुरते कन्नड येत होते, भाजीचा भाव विचारण्यापुरते आणि शेजारणीला हाक मारण्यापुरते. त्यांनी बराच वेळ मुलाकडे पाहिले आणि मग त्या बाजारच्या कन्नडात जेवलास का एवढेच विचारले. मुलाने कन्नडातच हो म्हटले. मग दोघेही गप्प. आम्ही फडके शिपायाच्या हाती दिले आणि बाहेर आलो. परतीच्या वाटेवर आजी आमच्याशी मात्र सारखे बोलत होत्या, त्याला विचारायचे राहिलेले सगळे आम्हाला विचारत होत्या.

गैरसमज नको. आम्हाला कन्नडचा द्वेष नाही. आमच्या घरात अण्णा आणि आक्का आहेत, आणि हे शब्द कोठून आले हे आम्ही मुलांना सांगतो. तो शिपाईही बिचारा हुकमाचा ताबेदार असेल. तक्रार एवढीच की आईने मुलाशी कोणत्या भाषेत बोलावे हे तिसऱ्याने ठरवू नये.

सावरकरांकडे वळतो. १९१९ च्या डिसेंबरात राजाच्या जाहीरनाम्याने पुष्कळ राजबंदी सुटले, हे दोघे भाऊ सुटले नाहीत. मे १९२१ मध्ये त्यांना अंदमानातून हिंदुस्थानात आणले. बाबारावांना आमच्या शेजारच्या विजापूरच्या तुरुंगात ठेवले होते. खंगलेल्या अवस्थेत त्यांची १९२२ साली सुटका झाली. तात्या रत्नागिरी आणि येरवडा असे करत ६ जानेवारी १९२४ रोजी सुटले, पण दोन अटींवर. रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात पडायचे नाही. पाच वर्षांची ही अट वाढत वाढत १९३७ पर्यंत टिकली.

रत्नागिरीला माईंचा संसार खऱ्या अर्थाने सुरू झाला. लग्नाला तेवीस वर्षे झाली होती. नवऱ्याला पाहायला आता अर्ज लागत नव्हता. प्रभात आणि विश्वास ही मुले तेथेच झाली. आता उलटे झाले होते, जगाने त्यांच्याकडे यायचे. १९२७ च्या मार्चमध्ये गांधीजी आणि कस्तुरबा त्यांच्या घरी येऊन गेले. अस्पृश्यता निवारणाचे काम, पतितपावन मंदिर, सहभोजने, हे सगळे याच तेरा वर्षांतले. त्याविषयी स्वतंत्र लेख हवा. येथे आमचा विषय भाषेचा आहे, आणि भाषाशुद्धीची चळवळ रत्नागिरीतच उभी राहिली.

ज्या माणसाला दहा-बारा वर्षे मराठी बोलायला, लिहायला मोकळीक नव्हती, त्याने सुटल्याबरोबर मराठीतला शब्द न् शब्द तपासायला घ्यावा, याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही. परके शब्द काढा, जुने वापरात आणा, नसतील तर नवे घडवा, असा त्यांचा आग्रह. टीका पुष्कळ झाली. फारसीचे पंडित माधव जूलियन आरंभी या चळवळीच्या बाजूचे नव्हते. पुढे त्यांनीच ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिला. (त्यांचा जन्म बडोद्याचा. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या माणसाला शब्दांची चाड जास्त असते असे आम्ही म्हटले तर आमच्यावर पक्षपाताचा आरोप होईल.) दिनांक, क्रमांक, महापौर, चित्रपट, दूरध्वनी अशा कितीतरी शब्दांचे श्रेय सावरकरांना दिले जाते. ज्या शब्दावर आमच्या शाळेची पाटी लटकते तो मुख्याध्यापक हा शब्दही त्यांचाच मानतात. आणि हुतात्मा. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात जे गोळीला बळी पडले, त्यांना आपण दरवर्षी ज्या शब्दाने नमस्कार करतो तो शब्द रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या माणसाने दिलेला आहे.

तरीही आमचा एक मतभेद नोंदवून ठेवतो. तुरुंगाच्या दारातली बाई ज्या शब्दांवर जगते ते पाहा. अर्ज, वकील, जामीन, तारीख, मुलाखत. एकही संस्कृत नाही. खुद्द तुरुंग हा शब्द पोर्तुगीज मुळाचा मानला जातो. सावरकरांच्या यादीत हे सगळे शब्द बाद झाले असते. पण त्या बाईला अर्जाऐवजी आवेदन म्हणा असे सांगायला आम्ही जाणार नाही, कारण तिला अर्ज कळतो, आवेदन कळत नाही. आणि न कळणाऱ्या शब्दाचा कागद पुढे आला की काय होते हे आम्ही १९८६ साली पाहिले आहे. शुद्ध शब्द आणि कळणारा शब्द यांत निवड करायची वेळ आली तर आम्ही कळणारा घेऊ. गुरुजनांचा अवमान होत असेल तर क्षमा असावी.

१० मे १९३७ रोजी सर्व बंधने उठली. हिंदू महासभेचे अध्यक्षपद, १९३८ च्या मुंबईतल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि तेथले लेखण्या टाकून बंदुका घेण्याचे भाषण (शिक्षकाने त्यावर काय बोलावे), हे सर्वांना ठाऊक आहे. गांधीहत्येच्या खटल्यात ते आरोपी होते आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी निर्दोष सुटले. त्या दंगलीच्या दिवसांत नारायणरावांना जमावाने दगडांनी जबर जखमी केले. ऑक्टोबर १९४९ मध्ये ते वारले. अर्ज लिहिणारा हात गेला. बाबाराव त्याआधीच, १९४५ साली, सांगलीला गेले होते.

आणि मग बेळगाव. एप्रिल १९५० मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली दिल्लीला येणार म्हणून सावरकरांना प्रतिबंधक कायद्याखाली धरले आणि आणून ठेवले ते आमच्या हिंडलग्याच्या तुरुंगात. वय सदुसष्टाच्या घरात. सुमारे शंभर दिवस ते येथे होते. जुलैमध्ये, वर्षभर राजकारणात भाग घेणार नाही या हमीवर उच्च न्यायालयातून सुटका झाली. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होते. चारच वर्षांपूर्वी येथल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झालेला होता. १९५० साली हिंडलग्याच्या कचेरीत मराठीत अर्ज दिला तर तो परत येण्याचे कारण नव्हते. सहा वर्षांनी राज्यपुनर्रचना झाली, दार तेच राहिले, कागदाची भाषा बदलली. माई १९६३ साली वारल्या. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी सावरकरांनी देह ठेवला.

हे सगळे आज सांगण्याचे कारण घडले ते असे. अलीकडे समितीच्या कार्यालयात एक बाई आल्या. मुलगा कच्च्या कैदेत, गुन्हा चळवळीचा नव्हे, साध्या भांडणाचा. भेटीसाठी काय करायचे ते त्यांना कोणी सांगत नव्हते. म्हणून चार गोष्टी येथे लिहितो. आत जाताना बंद्याला, कोण कोण भेटायला येईल त्यांची नावे द्यावी लागतात. आपले नाव त्यात आहे की नाही हे आधी वकिलामार्फत विचारून घ्यावे. नाव कागदावर आहे तसेच लिहावे, घरचे नाव चालत नाही. छायाचित्र असलेले ओळखपत्र मूळ न्यावे आणि त्याची नक्कलही. कच्च्या कैद्याला शिक्षा झालेल्यापेक्षा अधिक वेळा भेटता येते, पण वार आणि वेळ प्रत्येक कारागृहाची वेगळी, ती दारावर लिहिलेली असते. हल्ली संगणकावरूनही नोंदणी होते आणि पडद्यावर बोलताही येते. पण त्या बाईंना मुलगा पडद्यावर नको होता, समोर हवा होता, आणि त्यात चूक काही नाही.

राहिली भाषा. घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात वा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. भेटीचा छापील अर्ज हे गाऱ्हाणे नव्हे, असे कोणी म्हणेल आणि ते कायद्याने बरोबरही असेल. पण भेट नाकारली, किंवा भेटीत मराठी बोलू दिले नाही, तर ते गाऱ्हाणे आहे आणि ते मराठीत लिहून देता येते. त्या बाईंचा छापील अर्ज आम्ही कन्नडातच भरून दिला, कारण मुलगा लवकर दिसणे महत्त्वाचे होते. सोबत एका वेगळ्या कागदावर मराठीत दोन ओळी लिहिल्या, की अर्जदार बाईंना मराठीखेरीज भाषा येत नाही, तरी मुलाशी मराठीत बोलू द्यावे. कारकुनाने तो कागद वाचला, वर पाहिले, काही बोलला नाही आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला. भेट त्याच आठवड्यात झाली, मराठीत.

त्या दोन ओळींचा नमुना आम्ही कार्यालयात लिहून ठेवला आहे. कोणाला लागला तर शाळा सुटल्यावर संध्याकाळी आम्ही तेथे असतो. येताना कैद्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि गुन्ह्याचा क्रमांक तेवढा बरोबर आणावा.